शैक्षणिक चित्रफीत आणि विद्यार्थ्यांचा सहभाग

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

एखादा विषय आपल्याला समजला आहे की नाही, हे ओळखायचे कसे? परीक्षेत गुण मिळाले म्हणजे विषय समजला, असे आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो. परंतु धाकट्या भावंडाने वही पुढे करून "हे असंच का?" असे विचारले, की ज्या विषयात आपल्याला चांगले गुण मिळाले त्याचेही उत्तर चटकन सुचत नाही, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. शिकणे हे विद्यार्थ्याचे काम आणि शिकवणे हे प्राध्यापकांचे काम, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी तितकीशी बरोबर नाही, असे मला गेल्या वर्षी एका छोट्याशा प्रयोगामुळे वाटू लागले. त्या प्रयोगाची हकिकत आणि त्यानिमित्ताने झालेले थोडेसे वाचन वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

विषय आहे शैक्षणिक चित्रफितींचा, म्हणजेच आपण ज्यांना व्हिडिओ म्हणतो त्यांचा. २०२० सालच्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या. तेव्हा मी आठवीत होते. पुढचे नववीचे वर्ष मी थोरल्या भावाच्या मोबाइलवर शिकले. भाऊ कामावरून परत आला म्हणजे रात्री आठनंतर माझी शाळा भरायची. पडद्यावर कुणीतरी अनोळखी शिक्षक भराभर समीकरणे सोडवीत असत. चित्रफीत मागे नेता येई, पुन्हा ऐकता येई. परंतु तीच वाक्ये पुन्हा ऐकू येत. जिथे माझे अडले होते तिथे ते शिक्षक कधीच थांबले नाहीत. त्यात त्यांचा दोष नव्हता. माझे कुठे अडले आहे, हे त्यांना कळणार तरी कसे?

आज ई-शिक्षण हा शब्द सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. प्रश्न असा, की या चित्रफिती विद्यार्थ्याने नुसत्या पाहाव्यात, की त्या तयार करण्यातही त्याचा हात असावा? माझ्या मते असावा. त्याची कारणे पुढे देत आहे.

थोडा पूर्वेतिहास

पडद्यावरून शिकवण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साइट' नावाचा एक मोठा प्रयोग आपल्या देशात झाला. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचा उपग्रह आणि आपल्या 'इस्रो'ची यंत्रणा यांच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरदर्शन संच बसवण्यात आले. जाळीच्या मोठ्या तबकडीसारख्या अँटेनावर उपग्रहाचे कार्यक्रम थेट खेड्यात उतरत. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास प्रौढांसाठी कार्यक्रम असत. या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परंतु ज्या काळात पुष्कळ खेड्यांत वीजही पोचली नव्हती, त्या काळात हे घडले, हे वाचून मी तरी थक्क झाले.

त्याच सुमारास गुजरातमधील खेडा जिल्ह्यात 'इस्रो'नेच दुसरा एक प्रयोग सुरू केला. पीज या गावी एक छोटे प्रक्षेपण केंद्र उभारून तेथून त्या जिल्ह्यापुरते कार्यक्रम दाखवले जात. या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की खेड्यातील माणसांचे प्रश्न त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच सहभागाने पडद्यावर आणण्याचा प्रयत्न झाला. पाहणारा आणि दाखवणारा यांच्यातील अंतर कमी करण्याचे आपल्याकडील हे एक लवकरचे उदाहरण म्हणता येईल.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर एक देशव्यापी वर्ग सुरू केला. त्यासाठी कार्यक्रम तयार करणारी केंद्रे निरनिराळ्या विद्यापीठांत उघडली; पुणे विद्यापीठातही असे केंद्र झाले. सुरुवातीचे कार्यक्रम मुख्यत्वे इंग्रजीत असत. पुढे २००४ साली 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला आणि जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' हे संगणकीय शिक्षणाचे दालन खुले झाले. त्यात प्रत्येक अभ्यासक्रमाला चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकाचर्चा अशी चार अंगे असतात.

या पन्नास वर्षांत साधने बदलली. गावात एक संच होता, त्याऐवजी खिशात मोबाइल आला. मात्र विद्यार्थ्याची जागा फारशी बदलली नाही. तो पडद्यासमोरच बसलेला आहे.

पवईचा एक उपक्रम

याला एक चांगला अपवाद आपल्या महाराष्ट्रातच आहे. आय. आय. टी. मुंबई येथे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. संगणकावरील मुक्त प्रणाली स्वतःच्या स्वतः शिकता याव्यात, म्हणून सुमारे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ तेथे तयार होतात आणि ते विनामूल्य मिळतात. मूळ इंग्रजी पाठांना मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिला जातो. या कामात बाहेरच्या महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनाही भाग घेता येतो.

मला त्यांच्या कामाची पद्धत विशेष महत्त्वाची वाटली. प्रथम संहिता लिहितात. तिचे दोन रकाने असतात. डाव्या रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते आणि उजव्या रकान्यात त्याच वेळी काय ऐकू येईल ते. त्यामुळे चित्र एक सांगते आणि आवाज दुसरेच, असे होत नाही. संहिता तयार झाली की ती तो विषय मुळीच न जाणणाऱ्या माणसाकडे देतात. त्याला 'नवशिक्याची तपासणी' म्हणता येईल. त्या नवशिक्याने नुसती संहिता वाचून ते काम स्वतः करून पाहायचे. जिथे तो अडेल तिथे संहिता अपुरी आहे असे समजून ती दुरुस्त करायची. त्यानंतरच ध्वनिमुद्रण होते.

जाणकाराची चूक जाणकाराला दिसते, हे आपण मान्य करतो. परंतु जाणकाराने गाळलेली पायरी नवशिक्यालाच दिसते, हे या पद्धतीत ओळखले आहे. नववीत असताना मी जिथे अडत होते, ती गाळलेली पायरीच होती. एखादा विषय वीस वर्षे शिकवणाऱ्याला त्यातील पहिली अडचण आठवत नाही. ज्याला तो विषय मागच्या महिन्यात समजला, त्याला ती ताजी असते. विद्यार्थ्याने चित्रफीत करावी, याचे पहिले कारण हे.

संशोधन काय सांगते?

दुसरे कारण करणाऱ्याच्या स्वतःच्या फायद्याचे आहे. लोगन फिओरेला आणि रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आगगाडी जवळ येताना तिच्या शिटीचा स्वर चढा आणि दूर जाताना उतरता का लागतो, याचे विवेचन त्यांनी विद्यार्थ्यांना वाचायला दिले. काहींना सांगितले, की यावर चाचणी होईल. काहींना सांगितले, की हे तुम्हांला शिकवायचे आहे. आणि त्यांतील काहींकडून कॅमेऱ्यासमोर खरोखरच तो पाठ देऊन घेतला. शिकवायचे आहे या तयारीने वाचणाऱ्यांना लगेचच्या चाचणीत फायदा झाला. परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत ज्यांनी तयारीही केली आणि प्रत्यक्ष पाठही दिला, ते सरस ठरले. यावरून असे दिसते, की कॅमेऱ्यासमोर विषय मांडून दाखवणे हीच एक शिकण्याची क्रिया आहे आणि तिचा परिणाम टिकतो.

चित्रफीत कशी असावी, याविषयीही अभ्यास झालेला आहे. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'एडएक्स' या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. सहा मिनिटांपेक्षा लहान चित्रफिती विद्यार्थी अधिक लक्ष देऊन पाहतात, असे त्यांना आढळले. खर्चिक स्टुडिओत तयार झालेल्या चित्रफितींपेक्षा साध्या, समोर बसून बोलल्यासारख्या चित्रफितींकडे लक्ष अधिक टिकते, असाही निष्कर्ष त्यांनी मांडला. आपल्यासारख्या साधनांची चणचण असलेल्या महाविद्यालयाला हा निष्कर्ष धीर देणारा आहे.

आमचा अनुभव

आता स्वानुभव सांगते. गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी लेखी स्वाध्यायाऐवजी गटागटाने पाच-सहा मिनिटांची चित्रफीत करायला सांगितली. आमच्या चौघांच्या गटाच्या वाट्याला 'मागणीची लवचिकता' हा विषय आला. याच विषयावरील प्रश्नात मला पहिल्या सत्रात दहापैकी तीन गुण मिळाले होते. व्याख्या पाठ होती. किंमत बदलली असता मागणीत ज्या प्रमाणात बदल होतो ते प्रमाण म्हणजे लवचिकता. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली, हेही पाठ होते. पण 'लवचीक' म्हटले की मला रबरच डोळ्यांपुढे येई आणि रबराचा किमतीशी संबंध काय, हे उमगत नसे. घरात कुणाला विचारावे तर माझ्याआधी आमच्या घरातून कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. आई गुरुवारच्या बाजारात भाजी विकते. ती तिसरीपर्यंत शिकली आहे.

उदाहरण तिच्या मेथीचेच घ्यायचे, असे आम्ही ठरवले. एका गुरुवारी मी वही घेऊन तिच्या शेजारी बसले. सकाळी दहा ते बारा या वेळात २० रुपये भावाने ३० पेंड्या गेल्या. संध्याकाळी पाच ते सात या वेळात भाव १० रुपयांवर आला आणि ४५ पेंड्या गेल्या. आम्ही हिशेब मांडला. किंमत ५० टक्क्यांनी घटली, मागणी ५० टक्क्यांनी वाढली. म्हणजे लवचिकता एक. पुस्तकात ज्याला एकक लवचीक मागणी म्हणतात, ती आमच्या बाजारात सापडली! आम्हांला अगदी शोध लागल्यासारखे झाले. दोन रकान्यांची संहिता लिहून झाली. नवशिक्याची तपासणी म्हणून रात्री मी ती आईला वाचून दाखवली.

आईने मेथी निवडता निवडता सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे चुकलंय बघ."

मी विचारले, "काय चुकलं? आकडे तर तुझेच आहेत."

"आकडं बरोबर हायेत. पण अगं, सकाळी येतात ती नोकरदार माणसं. त्यास्नी ताजी पेंडी लागती. सांजच्याला येतात ती कामावरनं सुटलेली रोजगारी माणसं. ती सकाळी बाजारात नव्हतीच की! आन् पेंडी तरी तीच कुठं ऱ्हायली? सांजपर्यंत मान टाकती ती. माणसं येगळी, भाजी येगळी, आन् तू म्हणतीस भाव उतरला म्हणून जास्त खपली."

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे सरांकडे गेलो. ते हसले आणि त्यांनी आमच्याच संहितेतील पहिल्या ओळीखाली लाल रेघ ओढली. ती ओळ होती : "इतर परिस्थिती कायम असताना..." हे शब्द प्रत्येक व्याख्येच्या आरंभी आम्ही वर्षभर लिहीत आलो होतो. माझ्या लेखी ते एखाद्या पत्राच्या मायन्यासारखे होते; लिहायचे म्हणून लिहायचे. त्यांत अर्थ आहे, किंबहुना सगळी व्याख्या त्यांच्यावरच उभी आहे, हे मला त्या सकाळी प्रथमच कळले. सकाळ आणि संध्याकाळ यांची तुलना करताना किमतीखेरीज गिऱ्हाईकही बदलले होते आणि मालही बदलला होता. मग वाढ किमतीमुळे झाली, असे म्हणायचे कशाच्या आधारावर?

आम्ही पुन्हा मोजायचे ठरवले. या खेपेला वेळ तीच ठेवायची आणि भाव तेवढा बदलायचा. आईने पुढच्या गुरुवारी सकाळी दोन तास पाच रुपये कमी घ्यायचे कबूल केले. १५ रुपयांनी ४२ पेंड्या गेल्या. किंमत २५ टक्क्यांनी घटली, मागणी ४० टक्क्यांनी वाढली, लवचिकता १.६ आली. विक्रीची रक्कम ६०० रुपयांवरून ६३० रुपये झाली. मागणी लवचीक असेल तर किंमत उतरवल्याने एकूण प्राप्ती वाढते, हा नियम आकड्यांनी सिद्ध झाला. मी मोठ्या आनंदाने आईला म्हटले, "बघ, तीस रुपये जास्त मिळाले."

ती म्हणाली, "आन् बारा पेंड्या जास्त गेल्या त्या काय फुकट आल्या?"

तिने लिलावात पेंडी ९ रुपयांनी घेतली होती. पहिल्या गुरुवारी ३० पेंड्यांवर पेंडीमागे ११ रुपये, म्हणजे ३३० रुपये सुटले होते. दुसऱ्या गुरुवारी ४२ पेंड्यांवर पेंडीमागे ६ रुपये, म्हणजे २५२ रुपये सुटले. आमच्या अभ्यासापायी तिचे ७८ रुपयांचे नुकसान झाले होते. प्राप्ती आणि नफा यांतील फरक मला पुस्तकाने दोन ओळींत सांगितला होता; तो ध्यानात राहिला तो या ७८ रुपयांमुळे.

याशिवाय आणखी एक गोष्ट झाली. आईच्या शेजारी बसणाऱ्या मावशी त्या दिवशी आमच्याशी बोलेनात. त्यांची मेथी २० रुपयांनीच होती आणि त्यांची काही गिऱ्हाइके आमच्याकडे वळली होती. सरांनी ही हकिकत ऐकून विचारले, की जादा खपलेल्या बारा पेंड्यांपैकी खरोखर वाढलेली मागणी किती आणि मावशींकडून आलेली किती? एका विक्रेत्याच्या मालाची मागणी आणि सबंध बाजारातील मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्याने भाव उतरवला तर शेजारचे गिऱ्हाईक येते. सगळ्यांनीच उतरवला तर ते येणार कुठून? आमचे १.६ हे उत्तर मेथीच्या मागणीविषयी फार कमी सांगत होते. मावशींचा राग जायला दोन बाजार लागले. परंतु मक्तेदारीयुक्त स्पर्धेचे प्रकरण या वर्षी वर्गात सुरू झाले, तेव्हा मला ते ओळखीचे वाटले.

अखेरीस आम्ही चित्रफितीत अचूक उत्तर दाखवण्याचा नाद सोडला. आम्ही काय मोजले, आई काय म्हणाली, सरांनी कुठे रेघ ओढली, हेच क्रमाने दाखवले. पहिली जुळणी चौदा मिनिटांची झाली होती. ती कापत कापत पाच मिनिटे चाळीस सेकंदांवर आणली. कापताना कोणते वाक्य आवश्यक आणि कोणते नुसतेच भरीचे, यावर चौघांत जे वाद झाले, तेवढी चर्चा आम्ही कोणत्याही प्रश्नोत्तराच्या वेळी केली नव्हती. बाजारातील गलबल्यात आवाज नीट येईना, म्हणून निवेदन नंतर घरी केले. खोलीत पोकळ आवाज घुमू नये यासाठी दारा-खिडक्यांवर गोधड्या टाकल्या. चित्रण मोबाइलवरच केले. खर्च असा काही झालाच नाही; आईचे ७८ रुपये तेवढे धरावे लागतील.

काही अडचणी

या उपक्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिली अडचण श्रमविभागणीची. ज्याच्याकडे चांगला मोबाइल तो आपोआप चित्रणकार होतो. मुलींना "तुमचा आवाज चांगला आहे" असे म्हणून निवेदन देतात आणि जोडकाम मुले करतात. आमच्या गटातील एका मैत्रिणीची एस. टी. साडेचारला असते. सगळे काम चारनंतर व्हायचे, त्यामुळे ती आरंभी नावापुरतीच गटात होती. सरांनी नियम घातला, की चित्रफीत पाहिल्यानंतर ते कोणत्याही एकाला कोणताही प्रश्न विचारतील आणि त्या उत्तराचे गुण चौघांना मिळतील. मग आम्ही दुपारच्या मोकळ्या तासाला काम करू लागलो. लवचिकतेचे गणित मांडणारा सबंध भाग पुढे त्याच मैत्रिणीने केला.

दुसरी अडचण चुकांची. विद्यार्थी चुकणार, आणि चुकीची चित्रफीत सर्वत्र पसरली तर हानी होणार, असा आक्षेप काही प्राध्यापक घेतात. तो रास्त आहे. आमची पहिली संहिता तशीच चित्रित झाली असती तर आम्ही चूकच शिकवली असती. म्हणून चित्रणाआधी संहितेवर विषयाच्या प्राध्यापकांची सही असावी. तपासणीचे हे काम प्राध्यापकांना वेळखाऊ पडते, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा सत्रातून एखाद्याच विषयासाठी हा उपक्रम घ्यावा, हे बरे.

तिसरी अडचण संमतीची. बाजारात एका बाईंनी पदर चेहऱ्यावर ओढून घेतला, तेव्हा आमच्या ध्यानात आले, की आम्ही कुणाला विचारलेच नव्हते. तो सगळा भाग आम्ही काढून टाकला. माणसांचे चित्रण त्यांच्या परवानगीनेच करावे. तद्वतच चित्रपटातील गाणी पार्श्वसंगीत म्हणून उचलून लावू नयेत. ती दुसऱ्याची मालमत्ता असते आणि शिवाय त्यांनी लक्षही विचलित होते.

चौथी गोष्ट भाषेची. आमच्या निवेदनात पुस्तकी मराठी आणि आईच्या तोंडी तिची बोली आहे. तिची वाक्ये आम्ही 'शुद्ध' करून घ्यावीत, असे एकाने सुचवले होते. आम्ही ती तशीच ठेवली. पारिभाषिक शब्द आपल्याला शिकावेच लागतील. त्यांना पर्याय नाही. पण तो शब्द ज्या वस्तूबद्दल बोलतो, ती वस्तू आपल्या घरात कोणत्या नावाने वावरते, हे एकदा दाखवले की शब्दाची भीती जाते, एवढे मात्र खरे.

काही सूचना

आपल्या महाविद्यालयात पुढील गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. प्रत्येक विभागाने दर वर्षी विद्यार्थ्यांना जड जाणारे पाच विषय निवडावेत. ते कोणते, हे उत्तरपत्रिकांवरून प्राध्यापकांना ठाऊक असतेच. त्यांवर चार-चार जणांच्या गटांनी सहा मिनिटांच्या आतील चित्रफिती कराव्यात. क्रम असा असावा : प्रथम दोन रकान्यांची संहिता, मग विषय न जाणणाऱ्या एखाद्या माणसाकडून तपासणी, मग प्राध्यापकांची तपासणी, आणि शेवटी चित्रण. नवशिक्या म्हणून वर्गमित्र घेऊ नये, कारण त्यालाही व्याख्या पाठ असते. घरातील माणूस घ्यावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आजोबांना आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याने विहीर खणणाऱ्या शेजाऱ्याला संहिता वाचून दाखवावी. आपल्यापैकी अनेकजण घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेले आहेत. घरी विचारायला कुणी नाही, असे आपण म्हणतो. मीही म्हणत असे. विचारून पाहायला हरकत नाही, असे आता वाटते.

तयार झालेल्या चित्रफिती ग्रंथालयात संग्रहित व्हाव्यात आणि त्यांच्यासोबत पहिल्या संहितेतील चुकांची एक यादीही जोडलेली असावी. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना अचूक उत्तराइतकाच त्या यादीचा उपयोग होईल. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी विभागाने एक संच ठेवावा आणि कामाची वेळ महाविद्यालयाच्या तासांतच असावी, म्हणजे एस. टी.ने ये-जा करणारे वगळले जाणार नाहीत.

या वर्षी सरांनी आमची चित्रफीत प्रथम वर्षाच्या वर्गात दाखवली. आम्ही चौघे मागच्या बाकावर बसलो होतो. चित्रफीत संपल्यावर पुढच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "पहिला गुरुवार आणि दुसरा गुरुवार यांत तरी परिस्थिती कायम होती कशावरून? मधे पगाराची तारीख आली असेल तर?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. मी मोबाइलवर तारखा पाहिल्या. आमचे दोन गुरुवार महिन्याचा शेवटचा आणि पुढच्या महिन्याचा पहिला, असे होते. ही गोष्ट आम्हां चौघांच्या ध्यानात आली नव्हती, सरांच्याही आली नव्हती आणि आईच्याही नाही.

तिचा प्रश्न आम्ही चुकांच्या यादीत शेवटी लिहून ठेवला आहे. त्या मुलीचा गट या वर्षी हाच विषय पुन्हा करणार आहे. आईने मात्र बजावले आहे, की या खेपेला भाव उतरवायचा असेल तर मावशींना आधी विचारा. इतर विभागांतील विद्यार्थी-विद्यार्थिनींनीही असा एखादा अवघड विषय हाती घ्यावा आणि प्राध्यापकांनी त्यांच्या संहितेवर रेघ ओढण्यासाठी थोडा वेळ काढावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.